शुगर नाही, बीपी नाही, मग किडनी गेली कशी?

पस्तीस-चाळीस वर्षांचा गडी. जन्म शेतात राबण्यात गेलेला, अंगावर चरबी नावाला नाही. शुगर कधी निघाली नाही, बीपीची गोळी कधी लागली नाही. महिनाभर जेवण जाईना, मळमळायला लागलं, चार पावलं चाललं की धाप लागायला लागली, म्हणून दवाखाना गाठला. रक्त तपासलं तर दोन्ही किडन्या शेवटच्या टप्प्यात. घरचे विचारतात, असं कसं झालं? पुष्कळदा डॉक्टरांकडेही त्याचं धड उत्तर नसतं.

हे वर्णन कुणा एकाचं नाही. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर नावाचा चिमुकला देश आहे. तिथल्या रोसालेस रुग्णालयात किडनी निकामी होऊन आलेल्या पेशंटांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या बऱ्याच जणांत मधुमेह, रक्तदाब ही नेहमीची कारणं सापडत नव्हती, आणि ही माणसं मुख्यतः किनारपट्टीच्या शेतीभागातले पुरुष होती. पुढे निकाराग्वा आणि कोस्टा रिकात हेच चित्र दिसलं, ठळकपणे दिसलं ते ऊसतोड कामगारांत. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातल्या भातशेतकऱ्यांत आणि आपल्या आंध्रात, श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम पट्ट्यातही असा आजार आहे. डॉक्टर त्याला ‘कारण न कळलेला दीर्घकालीन किडनीविकार’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून सीकेडीयू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालाचा अंदाज असा, की कामाच्या जागच्या उष्णतेशी जोडता येईल असा किडनीविकार जगात २ कोटी ६२ लाख लोकांना आहे.

कोल्हापुरात उसावर बोलायला माणसं कमी नाहीत. एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव) किती, उतारा किती, काटा कुणाचा मारतो, यावर चहाच्या टपरीवर तासन् तास जातात, आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला मैदान भरतं. पण तो ऊस ज्याच्या हातानं तुटतो त्याच्या लघवीचा रंग काय असतो, हा प्रश्न कुठल्याच परिषदेत येत नाही. प्रश्न जरा ओंगळ वाटतो, पण या सगळ्या विषयाची किल्ली तिथंच आहे.

किडनी दिवसभर करते तरी काय

लघवी तयार करते, हे आपल्याला ठाऊक असतं. किती कामातून करते हे ठाऊक नसतं. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा सतत या दोन मुठीएवढ्या अवयवांत जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून बाहेर येतं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं किडनी परत रक्तात ओढून घेते. हे काम करणारे सूक्ष्म घटक म्हणजे नेफ्रॉन. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख. एका नेफ्रॉनला पुढं गाळणी आणि मागं लांब, वळणावळणाची नळी असते. गाळणी फक्त गाळते; खरी मेहनत नळीची. १७८ लिटर पाणी, मीठ, साखर परत आत घ्यायचं म्हणजे नळीच्या पेशींना अखंड रक्त आणि अखंड ऊर्जा लागते.

मधुमेहात आधी गाळणी बिघडते, त्यामुळं लघवीतून प्रथिनं जायला लागतात आणि साध्या तपासणीत सापडतं. उन्हात राबणाऱ्यांच्या आजारात मार बसतो तो मागच्या नळीवर. लघवीत प्रथिनं फारशी दिसत नाहीत, बीपी फारसं वाढत नाही, पायावर सूज लवकर येत नाही. म्हणून उशिरा कळतं.

उन्हात राबताना आत काय होतं

स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातला साधारण पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामाला येतो, उरलेली उष्णता होते. म्हणजे कोयता चालवणाऱ्याला बाहेरचं ऊन लागायच्या आधीच आतून ऊन लागत असतं. ही उष्णता बाहेर टाकायला शरीर रक्त कातडीकडे वळवतं आणि घाम काढतं. उन्हातल्या जड कामात तासाला लिटर-दीड लिटर घाम सहज जातो. रक्त कातडीला हवं, स्नायूंना हवं, आणि पाणी कमी झाल्यानं एकूण रक्तच आटलेलं. तेव्हा शरीर कपात करतं ती किडनीच्या वाट्यात.

ज्यांच्या उसाला ठिबक आहे त्यांना पुढचं पटकन कळेल. विहिरीचं पाणी खाली गेलं, मोटरचं प्रेशर उतरलं, की शेवटच्या सरीतले ड्रिपर आधी कोरडे पडतात. जे थोडं पाणी पोचतं ते संथ आणि क्षारांनी जड, त्यामुळं तोंडाशी क्षार धरतो. दोन-चार ड्रिपर बंद पडले तर आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही; शेजारच्या ड्रिपरच्या ओलीवर तो ऊस निभावतो. निम्मी नळी मेली की मग पानं पिवळी पडतात. नेफ्रॉनच्या नळ्यांचं नेमकं हेच होतं. प्रेशर उतरतं, लघवी दाट आणि आंबट होते, युरिक ॲसिड नावाचा टाकाऊ पदार्थ तिच्यात साचून त्याचे बारीक खडे धरू शकतात. अतिश्रमानं स्नायूंचा काही भाग फुटतो आणि त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन नळीत येऊन तिला आणखी त्रास देतं. लघवी चहासारखी तांबूस काळी झाली तर ते याचं लक्षण असू शकतं. काही नळ्या सुधारतात. काही वण होऊन कायमच्या मिटतात. फरक एवढाच, की ठिबकच्या नळीत ॲसिड सोडून ड्रिपर मोकळे करता येतात, नाहीतर नवीन लॅटरल टाकता येते. मेलेला नेफ्रॉन परत उगवत नाही.

यात उष्माघात कुठं आला? आला नाही, हेच सांगायचं आहे. उष्माघात ही बातमी होते: माणूस कोसळतो, पेपरात येतं, पंचनामा होतो. किडनीला लागणारा मार रोजचा आणि छोटा असतो. माणूस संध्याकाळी चालत खोपीवर येतो, भाकरी खातो, झोपतो, पहाटे परत फडात जातो. रोज थोडं वाळणं, रोज थोडं भरणं, आणि प्रत्येक फेऱ्यात काही नळ्या जायबंदी. असे चार-पाच महिने, असे दहा-पंधरा हंगाम.

‘संध्याकाळी तांब्याभर पाणी पितोच की!’

ही समजूत सगळीकडे आहे आणि वरकरणी बरोबर वाटते. दिवसभरात गेलं तेवढं रात्री भरून काढलं, हिशेब पुरा. किडनीचा हिशेब असा चालत नाही.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक प्रयोग यासाठी फार बोलका आहे. उंदरांना काही आठवडे दिवसा पुनःपुन्हा गरम हवेत ठेवलं. एका गटाला चोवीस तास पाणी समोर. दुसऱ्या गटाला दिवसा पाणी बंद, रात्री हवं तेवढं. दोन्ही गट एकूण पाणी जवळपास सारखंच प्यायले. तरी दिवसा तहानलेल्या गटाच्या किडनीच्या नळ्यांना इजा झाली आणि वण धरायला लागले. दिवसा पिणारे बचावले. त्याच प्रयोगातून आणखी एक गोष्ट पुढं आली. शरीर कोरडं पडलं की किडनी स्वतःच्या आत साखरेचा एक प्रकार, फ्रुक्टोज, तयार करायला लागते, आणि तो जाळताना नळीच्या पेशींची नासधूस होते. ज्या उंदरांत फ्रुक्टोज जाळणारं एन्झाइमच नव्हतं, त्यांना तेवढी इजा झाली नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण पाणी किती प्यायलं याइतकंच केव्हा प्यायलं याला महत्त्व आहे, ही गोष्ट माणसाच्या शरीराबद्दल जे ठाऊक आहे त्याच्याशी जुळते.

उन्हातल्या कामासाठी जगभर दिला जाणारा साधा सल्ला असा: दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागायची वाट न बघता. एकदम घटाघटा नको, आणि तासाला दीड लिटरच्या वर नको. नुसतं पाणी अतोनात प्यायलं तर रक्तातलं मीठ उतरून वेगळाच घोळ होतो.

आता फडावर बघा. दर वीस मिनिटांनी पाणी प्यायचं तर पाणी वीस पावलांवर हवं. प्रत्यक्षात कॅन असतो बांधावर, ट्रॉलीच्या सावलीत, आणि तोडणी असते आत सरीत. बाईमाणसाची अडचण त्याहून अवघड. आडोसा नाही, मग पाणीच कमी प्यायचं, म्हणजे उठावं लागत नाही. घरच्यांचा डबा करायला पहाटे तीनला उठलेली ही बाई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते, रात्री वाहन आलं तर रात्रीही चढवते, आणि हे सगळं मुद्दाम कोरड्या घशानं. तिला ‘ताई, पाणी जास्त प्या’ असं सांगणारा माणूस भला असेल, पण त्यानं फड पाहिलेला नाही.

अंगदुखीची गोळी

हा भाग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण यात आजच्या आज काही करता येतं.

दिवसभर वाकून कंबर मोडते, मग मेडिकलमधून किंवा किराणा दुकानातून दुखायची गोळी येते. कामाला निघताना एक, झोपताना एक. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही त्यातली नेहमीची नावं. अंग कोरडं पडतं तेव्हा किडनी एक बचाव करते: आत येणाऱ्या रक्तवाहिनीचं तोंड रसायनं सोडून उघडं ठेवते, म्हणजे कपातीतही थोडं रक्त येत राहावं. या गोळ्या दुखणं थांबवतात ते नेमकी हीच रसायनं बंद करून. घरात बसून, भरपूर पाणी पिऊन, दोन दिवस गोळी खाणाऱ्या धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. तीच गोळी घामानं आटलेल्या शरीरात रोज गेली तर किडनीचा शेवटचा आधार निघतो. साध्या दुखण्याला आणि तापाला ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल किडनीच्या दृष्टीनं बरी, आणि तीही रोजची खुराक करायची गोष्ट नव्हे. एकाच पाकिटात दोन-तीन औषधं मिसळलेली असतात, तेव्हा मेडिकलवाल्याला ‘यात डायक्लो, ॲसिक्लो काही आहे का’ एवढं विचारायला हरकत नाही.

असंच उन्हाळी लागण्याचं. लघवीला जळजळ व्हायला लागली की आपण कोथिंबिरीचं, सब्जाचं पाणी पितो, ते ठीक. पण फडात राबणाऱ्याला सारखी उन्हाळी लागत असेल तर ती लघवी दाट होत असल्याची खूण असू शकते. निकाराग्वातल्या ऊसतोड कामगारांत हा त्रास सर्रास आढळला. तिथं त्याला जंतुसंसर्ग समजून ॲंटिबायोटिक आणि वेदनाशामक इंजेक्शनं दिली जायची. कामगारांची लघवी प्रयोगशाळेत तपासली तेव्हा पुष्कळदा जंतू वाढलेच नाहीत. बायकांत मात्र खरा जंतुसंसर्गही सहज होतो, त्यामुळं तपासल्याशिवाय अंदाजानं औषध नको.

‘हे फवारणीनं होतं, उन्हाचं काय घेऊन बसलाय?’

पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा. तणनाशकं आहेत, कीटकनाशकं आहेत, शिरोळकडे क्षारपड जमिनी आहेत, नदीचं पाणी कसं आहे ते सगळे जाणतात. या सगळ्यांवर संशय घेणारे शास्त्रज्ञ आहेत आणि वाद मिटलेला नाही. श्रीलंका आणि उद्दानमच्या बाबतीत पिण्याच्या पाण्यातले घटक आणि शेतीरसायनं यांच्यावरचा संशय बराच गंभीर आहे. धातू, पेटवलेल्या उसाच्या राखेतली सिलिका, यांचीही चौकशी चालू आहे.

उन्हाकडे बोट दाखवणारे पुरावे मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. एल साल्वादोरमध्ये २०१२ च्या सुमारास किनाऱ्यावरच्या आणि उंचावरच्या ऊसपट्ट्यांची तुलना झाली. पीक तेच. किनाऱ्याच्या उकाड्यात ऊस तोडणाऱ्यांच्या किडन्या बिघडलेल्या; पाचशे मीटरच्या वर, गार हवेत तोच ऊस तोडणाऱ्यांत तसं आढळलं नाही. निकाराग्वात एकाच हंगामात वेगवेगळ्या कामांवरच्या लोकांची तपासणी केली तेव्हा तोडणी, लागण आणि पाणी पाजण्याच्या कामांवर किडनीची क्षमता जास्त घसरली. आखाती देशांत बांधकामावर गेलेले तरुण नेपाळी मजूर किडन्या घालवून परत येतात, हे काठमांडूचे डॉक्टर बरीच वर्षं सांगत आहेत. त्या बांधकामांवर कुणी तणनाशक फवारत नाही. तमिळनाडूत मिठागरांतल्या आणि शेतांतल्या मजुरांवरही उष्णता आणि किडनी यांचा अभ्यास झाला आहे.

माझं मत विचाराल तर भांडण ‘ऊन की औषध’ असं लावण्यात अर्थ नाही. रसायन रक्तात असेल तर कोरडी पडलेली किडनी ते जास्तच दाट करून स्वतःच्या नळीत धरते. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. ते आहे म्हणून सावली नको असं होत नाही.

‘कोल्हापूर कुठं एवढं तापतं?’

बरोबर मुद्दा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत. तोडणीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चपर्यंत, लांबला तर एप्रिलमध्ये संपतो, म्हणजे निम्मा थंडीत जातो. निकाराग्वाच्या किनाऱ्याइतकं आपलं ऊन नाही, आणि तिथल्यासारखी साथ इथं आहे असं मी म्हणत नाही.

पण थर्मामीटरवर विसंबण्यात एक फसगत आहे. हवामान खातं सपाट मुलखात उष्णतेची लाट जाहीर करतं ती पारा निदान चाळीसला गेल्यावर. हे मोजमाप सावलीतल्या, वाऱ्यातल्या पेटीतलं. जड काम करणाऱ्याला महत्त्वाचं ते दुसरं मोजमाप: त्यात हवेतला दमटपणा, अंगावर पडणारं ऊन आणि वारा हे सगळं धरतात, आणि सर्वांत जास्त वजन असतं ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरला. ते फडकं जेवढं वाळतं तेवढाच अंगावरचा घाम वाळतो, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. नुसता ओघळून गेला तर पाणी गेलं आणि थंडावाही मिळाला नाही. पुरुष-दीड पुरुष उंचीच्या उसात वारा शिरत नाही, जमीन ओली, पाल्याची ऊब. पेपरात ३४ अंश छापलेलं असतं, सरीत आत जाऊन उभं राहा म्हणजे ३४ म्हणजे काय ते कळतं. आणि वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशीचा उकाडा तर सगळ्यांनीच सोसलाय. पारा उतरलेला असतो, जीव मात्र जास्त कासावीस होतो.

शिवाय आपल्याकडची उष्णता फक्त उन्हातून येत नाही. गुऱ्हाळात चुलवाणापुढं बसून पाला-चिपाड सारणारा जळव्या थंडीतही घामाघूम असतो. वीटभट्टी आहे, शिरोलीच्या फाउंड्र्यांत भट्टीपुढचं काम आहे. मार्च ते मे या काळात खोडव्याच्या भांगलणीला बसणाऱ्या बायका आहेत, त्यांना तर ऊस गुडघ्याएवढा असल्यानं तेवढीही सावली नाही. आणि तोडणीला येणाऱ्या टोळ्या बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिवच्या. त्या इथला हंगाम संपवून ऐन उन्हाळ्यात मराठवाडा-नगरकडच्या बेचाळीस अंशांत परततात आणि तिथंही काम करतात. त्यांच्या किडनीला हंगाम संपल्याचं कळतच नाही.

‘आमचा आजा पण उन्हात राबला, नव्वद वर्षं जगला’

जगला असेल. जे जगले त्यांचेच किस्से आपल्याला ऐकू येतात. जे पन्नाशीत ‘अंगाला सूज येऊन’ गेले त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, तेव्हा कुणी काढलं नव्हतं.

दुसरं असं, की आजा स्वतःच्या रानात किंवा पैऱ्यानं राबत होता. अकराच्या पुढं ऊन चढलं की आंब्याखाली बसत होता, ताक-भाकर खाऊन तासभर लवंडत होता. त्याला कुणी टनावर पैसे देत नव्हतं. आज तोडणीला टनावर मजुरी आहे आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, डोक्यावर आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती जेवढा ऊस तोडेल तेवढी उचल फिटेल. अशा हिशेबात सावलीत बसलेली प्रत्येक वीस मिनिटं पैशात मोजली जातात, आणि ती मोजणारा दुसरा कुणी नसतो, स्वतः कामगारच असतो. उक्त्या कामात माणूस स्वतःचाच मुकादम होतो. म्हणून नुसत्या प्रबोधनाच्या पोस्टरनं इथं काही हलणार नाही.

मग सावली आणि सुट्टीनं उत्पन्न बुडेल का?

कारखान्याला, मुकादमाला आणि खुद्द कामगारालाही पडणारा हा खरा प्रश्न. याचं थोडं उत्तर एल साल्वादोरमध्ये मिळालं. २०१४-१५ च्या हंगामात तिथल्या एका साखर कारखान्याच्या तोडणी कामगारांवर प्रयोग झाला. हलवता येणारे सावलीचे तंबू फडातच, ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती, आणि पाण्याची पिशवी प्रत्येकाच्या पाठीवर, म्हणजे पाण्यापर्यंत चालत जायला नको. वाकणं कमी व्हावं म्हणून कोयत्याची घडणही बदलली. कामगारांनी सांगितल्याप्रमाणे त्यांचं पाणी पिणं पाव पटीनं वाढलं, उष्णतेचे त्रास कमी झाले, आणि माणशी दिवसाची तोडणी ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. प्रयोग लहान होता, आणि सुधारलेल्या कोयत्यामुळं वाढ किती, विश्रांतीमुळं किती, हे वेगळं काढता येत नाही. पण विश्रांती दिली की टन घटतात, हे गृहीतक तिथं टिकलं नाही. पुढं निकाराग्वात मोठ्या प्रमाणावर विश्रांती आणि सावली वाढवली गेली, तेव्हा हंगामातल्या किडनीच्या इजाही कमी झालेल्या दिसल्या.

काही देशांनी हे कायद्यात घातलं. कोस्टा रिकात उन्हातल्या कामासाठी २०१५ पासून नियम आहेत. कतारनं २०२१ मध्ये मघाच्या ओल्या फडक्याच्या मोजमापावर ३२.१ अंशांची रेघ ओढली; त्याच्या वर गेलं की उघड्यावरचं काम बंद.

आपल्या फडावर यातलं काय जमण्यासारखं आहे? तंबूला चार बांबू आणि हिरवी शेडनेट पुरते, ती रोपवाटिकेसाठी गावोगाव मिळते. ट्रॉलीबरोबर पाण्याचे दोन जास्तीचे कॅन आणि ते आत सरीपर्यंत नेऊन देणारं एक माणूस, त्याची हजेरी कारखान्यानं किंवा वाहनमालकानं द्यायची. बायकांसाठी पडद्याचा फिरता आडोसा. किडनीसाठी हा खर्च पाण्याच्या कॅनइतकाच कामाचा आहे. तोडणी पहाटे, मोळ्या बांधणं आणि भरणी ऊन उतरल्यावर. आणि नवीन जोडीला पहिल्या दिवसापासून पूर्ण टनांना जुंपायचं नाही, कारण शरीराला उष्णता अंगवळणी पडायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि सर्वांत मोठा धोका पहिल्या काही दिवसांतच असतो. यातलं काही परवडत नाही असं म्हणणाऱ्यानं एका हंगामातल्या ट्रॅक्टरच्या डिझेलचा खर्च शेजारी मांडून बघावा.

पाणी नुसतं, की आणखी काही?

रोजच्या कामाला साधं पाणी आणि मिठाची भाकरी-आमटी पुरते. घाम फार गेला तर पातळ ताक, मीठ घातलेलं लिंबूपाणी, आंबील उत्तम. ओआरएस घरीही होतं: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान चहाचा. बीपी, हृदय किंवा किडनीचा आजार आधीच असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून.

कोल्ड्रिंकच्या बाटलीनं तहान भागवणं मात्र सोडावं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात धडधाकट तरुणांना उष्ण खोलीत काम करायला लावून एकदा पाणी आणि एकदा साखरेचं शीतपेय दिलं; शीतपेयाच्या वेळी किडनीच्या इजेच्या खुणा वाढल्या. मघाशी सांगितलेलं फ्रुक्टोज इथं बाहेरून पोटात जातं. उसाच्या रसातही तेच आहे, त्यामुळं फडात राहून रसानं किंवा कांडं चघळून तहान मारणं हा पाण्याला पर्याय नव्हे. आवडीनं पेलाभर रस पिणाऱ्यानं लगेच घाबरायचं कारण नाही.

तपासणी: आकडा वाचायचा कसा

लागते ती रक्ताची साधी तपासणी, क्रिएटिनिन. हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून निघणारा पदार्थ. किडनी मंदावली की तो रक्तात साचतो. त्यावरून, वय आणि लिंग धरून, किडनीची क्षमता काढतात, तिला ईजीएफआर म्हणतात. ढोबळमानानं शंभरच्या आसपास उत्तम, तीन महिन्यांहून जास्त काळ साठच्या खाली असेल तर आजार.

इथं एक सापळा आहे. समजा अठ्ठावीस वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन ०.७ आहे, तिची क्षमता १२० च्या आसपास येते. काही वर्षांनी आकडा १.२ झाला. बऱ्याच लॅबच्या कागदावर १.२ नॉर्मलच्या चौकटीत बसतं, ठळक अक्षरात येत नाही, बघणारा म्हणतो ‘ठीक आहे’. पण त्या वयाला १.२ म्हणजे क्षमता ६३ च्या घरात, जवळजवळ निम्मी. हडकुळ्या माणसाचे स्नायू कमी, म्हणून त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी निघतं आणि फसगत जास्त होते. त्यामुळं एकट्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचे मागचे आकडे महत्त्वाचे: हंगाम सुरू होताना एक, संपताना एक, आणि घरी जाऊन महिना-दोन महिन्यांनी एक. शिबिरात नुसती शुगर-बीपी बघून आणि लघवीत पट्टी बुडवून परत पाठवलं तर हा आजार हातातून निसटतो.

लवकर सापडला तर ऊन, कोरडेपणा आणि त्या गोळ्या टाळून आहे तेवढी किडनी पुष्कळ वर्षं चालवता येते. उशिरा सापडला तर डायलिसिस. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो होतो, २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही आहे. पण आठवड्याला दोन-तीन खेपा, प्रत्येक खेपेला चारेक तास, आणि जाण्या-येण्यात बुडालेली दोघांची मजुरी योजना देत नाही.

शेवटचा धोका तपासणीतलाच. निकाराग्वात कारखान्यांनी हंगामाआधी क्रिएटिनिन तपासायला सुरुवात केली, आणि ज्यांचं वाढलेलं निघालं त्यांना कामावरच घेतलं नाही. मग माणसं दुसऱ्याच्या नावावर किंवा ठेकेदाराकडून, त्याहून वाईट अटींवर, त्याच फडात परत आली. आपल्याकडे शिबिरं भरतील तेव्हा ही गोष्ट आधी ठरवून घ्यावी लागेल: रिपोर्ट कामगाराच्या हातात द्यायचा, मुकादमाच्या किंवा कारखान्याच्या फायलीत नव्हे, आणि आकडा वाढलेला निघाला तर त्या कोयत्याची उचल न मागता त्याला पाणी वाटपाचं, नोंदीचं, सावलीतलं काम द्यायचं. हे ठरल्याशिवाय तपासणीला हात पुढं करायला कुणी येणार नाही, आणि नाही आला तर त्याला दोष देता येणार नाही.